तुम्ही विचारलंत म्हणून: ऑगस्टमध्ये उर्राक का नसतो?

दुकानात येणारे, फोन करणारे, इन्स्टावर मेसेज टाकणारे, सगळे फिरून फिरून एकच विचारतात. ताई, गेल्या वेळी तुमच्याकडे अमुक होतं, आता का नाही? १५ ऑगस्टच्या जोडून सुट्टीला पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू मागतात, नाताळात आलेली नीरो म्हणजे बोंडांचा ताजा रस मागतात, एप्रिलमध्ये कोणाला बेबिंका, आमचा थराथरांचा गोड केक, हवा असतो. आणि मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग दुकान चालतं कसं? दरवेळी काउंटरवर उभं राहून अर्धवट सांगून होतं, मागे रांग असते, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं माहेर कुडाळ आणि सासर गोव्यात, म्हापसा. मामंजींचं इथे जुनं तावेर्न म्हणजे छोटं दारूचं दुकान होतं, दोन बाकं, एक टेबल, भिंतीला फेणीच्या बरण्या. त्याच जागेत आता एका बाजूला वाइन आणि फेणी आहे आणि दुसऱ्या बाजूला सोलं, मिरच्या, मीठ, व्हिनेगर, चौरीस म्हणजे गोव्याचे मसालेदार सॉसेज, काजू, लोणची. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना वाइन आणि मसाले एका छपराखाली बघून नवल वाटतं. साहजिक आहे, तिकडे जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तर केवढा गदारोळ झाला आणि शेवटी ते झालंच नाही. गोव्यात किराणामालाच्या शेजारी बाटल्या असणं हे रोजचं आहे, कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

तर उर्राक. काजूची फळं साधारण फेब्रुवारी अखेरीपासून मेपर्यंत. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, पण आता सत्तरी तालुक्याच्या डोंगरात गेलात तर वाटेल की ते इथलंच आहे. बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपणहून खाली पडली की मगच गोळा करायची, टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन, म्हणजे दरवेळी वाकायला नको. बी वेगळी करायची आणि बोंडं कोळंबीत टाकायची, कोळंबी म्हणजे इथे मासळी नव्हे, कातळात खोदलेला हौद, त्यात पूर्वी पायानं तुडवायचे, आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय. पहिला रस गेला की उरलेल्या चोथ्याचा ढीग करायचा, त्याला वेल गुंडाळायची आणि वर दगड ठेवायचा, मग त्यातून हळूहळू जो स्वच्छ रस झिरपतो तो नीरो. गोड, किंचित तुरट, आणि इतका वासाचा की बाटली उघडली की अख्ख्या दुकानात काजू दरवळतो. नीरो सकाळी येतो आणि दुपारपर्यंत संपला तर ठीक, कारण उन्हाळ्याच्या गरमीत तो लगेच आंबायला लागतो. नाताळात नीरो मागणाऱ्यांनो, आता समजलं ना.

आंबवायला बाहेरचं यीस्ट वगैरे काही घालत नाहीत, फळाबरोबर जे येतं तेवढ्यावरच दोन-तीन दिवसांत रस फसफसतो. मग भट्टी. पहिल्या वाफेचं जे निघतं तो उर्राक, त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के. तोच उर्राक पुन्हा रसाबरोबर भट्टीत गेला की निघते फेणी, ती बेचाळीसच्या वर. सगळा फरक या आकड्यांत आहे. फेणी वर्षानुवर्षं काचेच्या बरणीत राहते आणि उलट सुधारते, उर्राकचा मात्र जीव छोटा, महिना-दोन महिन्यांत त्याची फळाची चव उतरते आणि मागे नुसता उग्र वास राहतो. मी फ्रीजमध्ये ठेवते, जूनच्या मध्यापर्यंत कसाबसा विकते, त्यानंतर माझ्याच जिभेला तो पटत नाही तर तुम्हाला कसा देऊ?

मी ज्यांच्याकडून घेते त्या सत्तरीतल्या काकांच्या भट्टीवर सीझनमध्ये दर आठवड्याला जाते. तांब्याचं भांडं, खाली लाकडं, बाजूला गार पाण्यात बुडवलेला घडा, सगळीकडे धूर आणि पिकलेल्या बोंडांचा तो जड गोड वास. काका मीटर वापरत नाहीत. ग्लासात थोडा उर्राक घेतात, वरून दुसऱ्या ग्लासात धार सोडतात आणि पृष्ठभागावर उठणारे बुडबुडे बघतात, ते किती बारीक आहेत, किती वेळ टिकतात, कडेला कसे जमतात. मग एक थेंब माझ्या तळव्यावर. चोळायचा, वास घ्यायचा. धूर लागला असेल तर लगेच कळतं, विस्तव जास्त झाला की तो करपट वास येतोच. एकदा तर त्यांनी आख्खा घाणा मला द्यायला नकार दिला, म्हणाले हा घेऊ नकोस गो, हा मी परत भट्टीत घालतो, फेणीला चालेल. मला त्यांचं हे फार आवडतं. त्या माणसाच्या हातावर माझं मार्च ते मेचं दुकान उभं आहे आणि ते मी कोणालाही अभिमानाने सांगते.

आणि सगळी वर्षं सारखी नसतात. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या वेळी ढगाळ हवा पडली, ढेकण्या नावाची कीड आली, की मोहोर करपतो आणि सीझन तीन आठवडे पुढे जातो. तेव्हा मार्चमध्ये लोक विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं, काकांकडेही नसतं, झाडाकडे बघत बसायचं. माझ्या माहेरच्या बाजूला, दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजू भरपूर, पण तिथे सगळा जीव बीमध्ये, बोंडं कितीतरी झाडाखालीच कुजून जातात. दर वर्षी माहेरी गेले की ते बघून पोटात कालवतं. एवढा रस मातीत.

प्यायचा कसा हेही विचारता, तर लिम्का, मीठ, लिंबू आणि मधे उभी चिरलेली हिरवी मिरची. भर दुपारी पिऊ नका, गोड लागतो म्हणून लोक ग्लासावर ग्लास पितात आणि मग उन्हात आडवे होतात.

मे महिन्यात दुकानाची दुसरी बाजू भरते आणि मला विचाराल तर हाच वर्षातला सगळ्यात सुंदर काळ. पावसाचे चार महिने समुद्र बंद, वाटा बंद, म्हणून पूर्वी प्रत्येक घरात मेमध्येच साठवण करून ठेवायचे, त्याला इथे पुरुमेंत म्हणतात. म्हापशात, मडगावात त्याची फेस्तं भरतात, सुकी सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, सुके बांगडे, मिरच्या, चिंच, सोलं, जाडं मीठ, माडाचं व्हिनेगर. आता मासे वर्षभर फ्रीजरमधून मिळतात तरी लोक येतात, म्हाताऱ्या बायका तर सुंगटं मुठीत घेऊन वास घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

सोलांचं सांगते, कारण त्याची किंमत ऐकून लोक नाक मुरडतात. पिकलेली कोकमं फोडायची, गर आणि बिया काढायच्या, सालं उन्हात. गराच्या रसात मीठ घालून ठेवायचं, अर्धवट वाळलेली सालं त्यात बुडवायची, परत उन्हात, परत बुडवायची, परत उन्हात, असं करता करता लाल सालं काळीभोर आणि चिकट होतात. हे सगळं कडक उन्हाच्या भरवशावर. वळवाची एक सर पडली आणि अंगणातून उचलायला दहा मिनिटं उशीर झाला तर बुरशी. माझ्याकडे देणारी मावशी मे महिन्यात कुठल्याही लग्नाला जात नाही, आभाळाकडे बघून दिवस काढते. ती सोलं जूनमध्ये माझ्याकडे येतात तेव्हा अजून मऊ असतात, बोटाला मीठ आणि आंबट दोन्ही लागतं. दिवाळीपर्यंत ती कडक होतात, आमटीला तेवढीच चांगली, पण ताज्या सोलांची सोलकढी करायची असेल तर ती पावसाळ्यातच.

आंबा मी ठेवत नाही. मानकुरादचे पहिले डझन ज्या भावाने जातात तो व्यवहार बाजारातल्या बायकांनाच जमतो. पण मुसराद आंब्याचं मांगाड, म्हणजे आंब्याचा जॅम, मेच्या शेवटी येतं, आणि ते संपलं की संपलं.

आता वाइन. हिला कसला सीझन, बाटली तर वर्षभर असते, असं सगळ्यांना वाटतं. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबर तोडतात. नाशिकला ते शक्यच नाही, तेव्हा धो-धो पाऊस. म्हणून आपल्याकडे वेल दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस ओसरताना दुसरी, फळाची. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे सगळं कॅलेंडर उलटं करून, थंडीच्या त्या छोट्या खिडकीत द्राक्ष पिकवायचं. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, त्याआधी नाशिकला द्राक्ष म्हणजे मुख्यतः खायचं नाहीतर बेदाण्याचं, आणि आज तिथल्या सॉव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइन मी निश्चिंतपणे शेल्फवर ठेवते. पांढऱ्या वाइनचा नवा माल साधारण पावसाच्या तोंडाला माझ्यापर्यंत यायला लागतो आणि या वाइन ताज्याच प्याव्यात, दोन-तीन वर्षं कपाटात दाबून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून बाटलीवरचं साल बघा. मी जुनं साल घेत नाही, डिस्ट्रिब्युटर डिस्काउंट देतो तरी नाही, कारण ज्या दुकानात उन्हाळाभर बाटल्या काचेच्या मागे उन्हात उभ्या असतात तिथली पांढरी वाइन उकडलेल्या सफरचंदासारखी लागते आणि माणूस मग म्हणतो आपल्याकडची वाइन वाईट. वाइन वाईट नसते हो, ठेवलेली वाईट असते.

आणि इथेच माझ्या दुकानाच्या दोन बाजू एकत्र येतात. जुलैत बाहेर पाऊस कोसळत असताना सुक्या सुंगटांची किसमूर करा, कांदा, ओलं खोबरं, थोडं सोलाचं आगळ, आणि बरोबर त्याच वर्षीची गार सॉव्हिन्यो ब्लाँ. फेब्रुवारीतलं नाशिक आणि मेमधलं म्हापसा एका ताटात. ज्यांना दिलंय ते परत येतात. चौरीसबरोबर मात्र मला वाइनपेक्षा फेणीच बरी वाटते, चौरीसमध्ये व्हिनेगर आणि मसाला इतका असतो की बिचारी रेड वाइन त्यात बुडून जाते, हे माझं मत, नवऱ्याला पटत नाही.

श्रावणात आणि चतुर्थीला बाटल्यांची बाजू जवळजवळ बंदच असते म्हणा. बऱ्याच घरांत मासळीही नाही. तेव्हा नारळ, गूळ, पातोळ्यांसाठी हळदीची पानं, आणि गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळं घेऊन बायका गावागावांतून म्हापशाच्या बाजारात बसतात, मी त्यांच्याशी स्पर्धा करत नाही, तुम्हीही त्यांच्याकडूनच घ्या. रानातली आळमीही, म्हणजे पावसाळी अळंबी, मी ठेवत नाही, ती सकाळी काढून संध्याकाळी खायची वस्तू आहे, आणि वारुळांवरून ती ओरबाडून काढली तर पुढच्या वर्षी येत नाही असं जाणते लोक सांगतात.

नाताळात एक आंटी बेबिंका करून देतात. नारळाचा घट्ट रस, अंड्याचे पिवळे बलक, साखर, तूप, जायफळ, आणि एकेक थर वरून विस्तव देऊन भाजायचा, तो सोनेरी झाला की त्यावर दुसरा. अख्खा दिवस जातो. बाजारात तो वर्षभर मिळतो आणि चांगलाही मिळतो, पण या आंटी फक्त डिसेंबरमध्ये करतात, बाकी वर्ष त्यांना नातवंडं आहेत, शेत आहे. दोदोल पण त्यांचाच, माडाच्या काळ्या गुळाचा. नोव्हेंबर संपायच्या आत नाव नोंदवा.

राहिला तो प्रश्न, दुकान चालतं कसं. टिकणाऱ्या वस्तूंवर चालतं. नीट बघाल तर माझं अर्धं शेल्फ म्हणजे ओसरलेले सीझनच आहेत, सोलं म्हणजे मे महिना, चौरीस म्हणजे एप्रिल-मेचं ऊन, फेणी म्हणजे काजूचा अख्खा हंगाम. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला गोव्याचं हेरिटेज ड्रिंक म्हणून जाहीर केलं, तरी अजून लोक वासावरून नावं ठेवतात. चांगली फेणी घ्या, वासाला घाबरू नका, ग्लासात जरा उघडी ठेवा. ऑगस्टमध्ये उर्राक मागणाऱ्याला मी फेणीच देते, त्याच काकांच्या भट्टीची, त्याच झाडांची, आणि दहातले सात जण खूश होऊन जातात. फक्त गोव्यातली बाटली महाराष्ट्रात न्यायचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते बघून मगच घ्या, बॉर्डरवर मला फोन करून उपयोग नाही.

आणि उर्राकच हवा असेल तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा. सकाळी दहाच्या आत आलात तर नीरोही मिळेल, येताना स्वतःची बाटली आणि थंड पिशवी आणा.