कोरडा फ्लोट

दसऱ्याचं सोनं द्यायला तात्यांकडे गेलो आणि शोकेसमध्ये तो दिसला. मी त्यांना करून दिलेला गळाचा फ्लोट, पाण्यावर तरंगत मासा लागल्याची खूण देणारा. अत्तरदाणीच्या शेजारी, कापसावर आडवा ठेवलेला. अक्का कौतुकानं म्हणाली, "किती देखणा केलायस रे. पाण्यात घालून घाण करायचा होय?" तात्या नुसते हसले. चहा झाला, सोनं देऊन झालं, घरी आलो. तेव्हापासून काहीतरी टोचतंय. कुणी वाईट बोललेलं नाही, उलट वानलंच. मग टोचतंय काय?

देखणा म्हणाली. त्या फ्लोटात नुसतं देखणेपणासाठी केलेलं काहीच नाही, हे तिला कसं सांगायचं?

पाण्याबाहेर दिसणाऱ्या टोकाला नारिंगीच्या मध्ये जो काळा पट्टा आहे, तो तात्या संध्याकाळी खानापुराकडच्या त्या वळणावर पश्चिमेला तोंड करून बसतात म्हणून. सूर्य समोर आला की मलप्रभा नदीचं पाणी चांदीसारखं चकाकतं. तेव्हा लाल-नारिंगी काही उठून दिसत नाही, काळंच दिसतं. पलीकडच्या झाडांची सावली पाण्यावर आली की उलटं होतं, काळं बुडून जातं आणि नारिंगी दिसतं. दोन्हीची सोय एकाच टोकात केली होती. नारिंगीच्या खाली पांढऱ्याचा हात दिलाय. तो दिला नाही तर रेडियमचा रंग मातकट दिसतो, कितीही हात मारा. हा रंग मुळात झिरझिरीत असतो, खालचा पांढरा उजेड परत फेकतो तेव्हा कुठे तो पेटतो.

पोट, म्हणजे मधला फुगीर भाग, पांगाऱ्याचं. सावंतवाडीची खेळणी पूर्वी याच लाकडाची करत. हलकं, मऊ, पण रेषा मोकळ्या, त्यामुळे पाणी प्यायला टपलेलं. आधी भोक, मग आकार, हा क्रम सोडायचा नाही. चौकोनी ठोकळ्याला अडीच मिलिमीटरचं भोक आरपार पाडायचं, त्यात बांबूची काडी अरल्डाइटनं बसवायची, दुसऱ्या दिवशी काडी ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून पोट फिरवत घासायचं. ८० नंबरच्या कागदानं आकार, १५०नं खळगे, ३२०नं हात फिरवणं. आकार आधी देऊन मग भोक पाडायला गेलं की ड्रिल लाकडाच्या रेषेबरोबर सरकतं, काडी मधोमध राहत नाही आणि असा फ्लोट पाण्यात कायम मान वाकडी करून उभा राहतो. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, चिमटलेलं शिसं वाढवून तो सरळ होत नाही.

पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. आठवडाभर ओल खाल्ली की मऊ पडतो आणि काडी पोटातून हलायला लागते. खालची कडी बारीक स्टीलच्या तारेची, खिळ्याभोवती वळून पीळ दिलेली. पीळ निदान एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे, नाहीतर मोठा कटला लागला की कडीच हातात येते.

मग ते वजन. मला सगळ्यात प्रिय काम हेच, आणि शोकेसमधून नेमकं हेच दिसत नाही. पोट चार सेंटिमीटर लांब, मध्ये बारा मिलिमीटर जाड. पोट आणि बुडालेली काडी मिळून साधारण साडेतीन घन सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन ग्रॅम पाणी बाजूला सरणार. फ्लोटचं स्वतःचं वजन रंग-कडीसकट पावणेदोन ग्रॅम. उरलेले पावणेदोन ग्रॅम तो पेलणार. पण शिसं पाण्यात आपल्या वजनाचा अकरावा हिस्सा हलकं होतं, म्हणून काट्यावर १.९ ग्रॅम शिसं लागतं. हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात दोन लिटरच्या बाटलीचं तोंड कापून त्यात तोलायचं. आमिष अधांतरी राहणार असेल तर गळ आणि कणकेची गोळी लावूनच तोलायचं. तळाला टेकणार असेल तर गोळी धरायची नाही, कारण तिचं वजन मग तळ घेतो.

टोक दोन मिलिमीटरचं घासून ठेवलं होतं. एक सेंटिमीटर पाण्यावर ठेवलं तर ते बुडवायला माशाला जेमतेम ०.०३ ग्रॅमचा ओढा पुरतो. तेच टोक चार मिलिमीटरचं असतं तर चौपट, सव्वाशे मिलिग्रॅम. जाडी दुप्पट, ओढा चौपट. रोहू तोंडात घेऊन थुंकतो तो एवढ्याच फरकात, आणि जाड टोकावर ते कळतच नाही. दुकानातले फुगीर प्लास्टिकचे फ्लोट लांबून छान दिसतात, पण मासा गोळी चाखून निघून गेला तरी जागचे हलत नाहीत.

हे सगळं तात्यांसाठी होतं. त्यांचं बसायचं ठिकाण, त्यांची काठी, तिथला संथ प्रवाह धरून. वाहत्या पाण्याचा फ्लोट असल्यामुळे पोटाचा जाड भाग वरच्या अंगाला घेतला आणि तंगूस वर-खाली दोन्हीकडे सायकलच्या वॉल ट्यूबच्या तुकड्यांनी धरायची सोय ठेवली. म्हणजे काठी जरा आवरली तरी प्रवाह फ्लोटला वर उचलून आडवा करत नाही.

आणि तो कापसावर झोपलाय.

वाईट वाटतंय ते याचंच असावं. माझं काम कुणाला दिसलं नाही याचं. किंवा दिसलं ते भलतंच, चकाकीच दिसली. सँडिंग सीलरचे दोन हात, पांढरा, नारिंगी, काळा आणि वर लॅकर. ही चकाकी म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेला रेनकोट, आणि कौतुक होतंय ते रेनकोटाचं. ज्यासाठी तो घातला ते पाणी त्याला लागलंच नाही. असा फ्लोट पुरा झाला असं मला म्हणवत नाही. बाटलीत तोलला तेव्हा तो सरळ उभा राहिला होता, रात्रभर ठेवूनही टोक खाली गेलं नव्हतं, म्हणजे कुठून पाणी शिरत नव्हतं. पण बाटलीत ना वारा, ना ओढा, ना मासा.

बाबा असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी ओला केला असता. जाऊ दे.

मघाशी पुन्हा विचार करत बसलो तेव्हा एक गोष्ट उशिरा लक्षात आली. अक्का बोलत होती तेव्हा तात्यांचा हात गुडघ्यावर होता. त्या वळणावर उतरायचं म्हणजे दगडांवरून वीसेक फूट खाली. यंदा पावसाळ्यानंतर ते तिकडे... त्याबद्दल आज लिहीत नाही. पण मग तो शोकेसमध्ये नसता तर कुठे असता? कोनाड्यात, जुन्या गळांच्या डब्यात, रंगाचे टवके उडत. त्यांनी निदान कापूस दिला. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं आणि टाकायचाही नव्हता.

असं असेल तर तो फ्लोट तिथेच बरा आहे. मलप्रभेच्या वाहत्या पाण्यासाठी केलेली वस्तू गावच्या तळ्यावर तशीही धड चालणार नाही. तळ्याला पायऱ्या आहेत, खुर्ची टाकता येते, पाणी उभं आणि चिलापी मासे भरपूर. पण दुपारनंतर वारा सुटतो. अशा पाण्यात तंगूस वर-खाली दोन्हीकडे बांधलेला फ्लोट वाऱ्यानं वाहत जातो. तिथे फक्त बुडाला बांधलेला लांब फ्लोट लागतो. काठीचं टोक पाण्यात बुडवून तंगूस पाण्याखाली घेतला की वाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

त्यासाठी मोराच्या पिसाच्या दांडीसारखं दुसरं काही नाही. आत पांढरं भेंड, वर कडक साल, निसर्गानंच सील केलेली. पिसं आपोआप गळलेलीच घ्यायची, १९७२च्या कायद्यानं मोराला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. एक चांगलं पीस काढून ठेवलंय. दोन्ही बाजूंचे केस नव्या ब्लेडनं दांडीला घासून उतरवायचे, ओढून काढायचे नाहीत. ओढलं की सालीची चीर निघते आणि तिथून भेंड पाणी पितं. मग ४०० नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलक्या हातानं. जाड टोकाकडचा पंधरा-सोळा सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडांना अरल्डाइटचा थेंब.

ज्वारीच्या ताटाचाही विचार केला होता. हलकं असतं, फुकट मिळतं, पण बऱ्याच ताटांना किडीचं बारीक भोक असतं, दोन पेरांमधली जाडी सारखी नसते आणि नखानं दाबलं तरी चेपतं. पोरांच्या गाड्यांना ठीक.

टोक यावेळी जाडच ठेवणार, चार मिलिमीटर. तात्यांच्या डोळ्यांना ते दिसलं पाहिजे. नाजूकपणा थोडा जातो, पण सेंटिमीटरऐवजी अर्धाच सेंटिमीटर बाहेर ठेवला तर ओढा साठ-पासष्ट मिलिग्रॅमवर येतो. चिलापी त्याहून कितीतरी जोरात ओढते. शिवाय तळाची गोळी उचलून ती वर आली की गळाजवळच्या शिशाचा भार सुटतो आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी उंच होतो. जाड नारिंगी टोकावर ते उंच होणं लांबूनही कळतं. तेव्हाच झटका द्यायचा, बुडायची वाट बघायची नाही.

लॅकर लावणार नाही. हवेत अजून ओल आहे, परतीचा पाऊस पुरता गेलेला नाही आणि अशा हवेत लॅकरवर पांढरी धुंदी येते. शिवाय टोकाला इनॅमल लावणार असल्यामुळे त्यावर लॅकरसारखा थिनरचा माल गेला की खालचा रंग सुरकुतून उठतो. दांडी उघडी, तपकिरी, मळकटच राहू दे. शोकेसजोगी दिसणार नाही, हेही एक बरंच.

आणि सुटा द्यायचा नाही. तात्यांच्याच काठीच्या तंगुसात ओवून द्यायचा. कडीच्या दोन्ही बाजूंना शिसं चिमटून, एकूण वजनाचा पाऊण हिस्सा तिथेच, उरलेलं बारीक शिसं गळापासून वीतभर वर. तळ्याच्या पायऱ्यांशी पाणी कमरेएवढं आहे, म्हणजे फ्लोटाच्या टोकापासून गळापर्यंत तीन फूट आणि वर दोन बोटं जास्त, गोळी तळाला टेकण्यापुरती.