मोतीबिंदू सोपा, बीपी अवघड

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंसुद्धा, कळलंही नाही. त्याआधी फिजिशियनची फिटनेसची सही मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. रक्त, शुगर, ईसीजी सगळं ठीक. अडलं ते बीपीवर.

त्या ओपीडीत बीपी घ्यायचं ते तपासणीच्या उंच टेबलावर बसवून. आई बुटकी. पायरीवरून चढेपर्यंत तिला धाप लागायची. मग पाय अधांतरी, पाठीला टेकू नाही, हात खाली लोंबता. सिस्टर पट्टा गुंडाळणार आणि हवा भरता भरता विचारणार, "आजी, सकाळची गोळी घेतली ना?" आई सविस्तर उत्तर देणार. आकडा 168/96. घरी तोच 145/80 च्या आसपास. "घरच्या मशीनचं काही सांगू नका. गोळी वाढवून देतील, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच टेबल, तसाच लोंबता हात.

मी अकरावीला द्रवांचा दाब शिकवते, त्यामुळे हे बघणं फार जड गेलं. बीपीचा आकडा म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधली (मिमी) उंची, आणि पारा रक्ताच्या जवळपास 13 पट जड. म्हणजे पट्टा हृदयाच्या पातळीच्या 13 सेंटीमीटर खाली असला तर वरचा-खालचा दोन्ही आकडे सुमारे 10 ने जास्त दिसतात, तेवढाच वर असला तर तेवढेच कमी. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर असतो, तसंच. आईचे सगळेच जादा आकडे काही हाताचे नव्हते. धाप, लोंबते पाय, गप्पा यांचाही वाटा होताच. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "मॅडम, आम्ही रोज हेच करतो." तेच तर म्हणते मी!

वाढीव गोळीची मला खरी धास्ती होती. उभं राहिलं की डोकं हृदयाच्या फूटभर वर जातं, तिथला दाब आधीच वीसेक मिमीने कमी असतो, शिवाय रक्त पायांत उतरतं. त्यात गरज नसताना औषध वाढलं तर पहाटे बाथरूमला उठताना भोवळ यायची. म्हणून हट्टच धरला: गोळी वाढवायची तर वाढवा, पण आधी खुर्चीत बसवून मोजा. (आपल्या मनाने गोळी बंद मात्र कोणी करू नका.)

शेवटी एका ज्युनियर डॉक्टरांनी ऐकलं. पाठ टेकवून खुर्चीत, पाय जमिनीवर, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या मध्याशी येईल अशी कोपराखाली माझी घडी केलेली शाल. पाच मिनिटं गप्प. 146/82. थोड्या वेळाने परत, 142/80. सही झाली. मला तर वर्गातलं प्रात्यक्षिक जमल्यासारखा आनंद झाला.

मनगटाचं मशीन असेल तर मनगट छातीशी धरायचं, मांडीवर नाही. लघवीला आधीच जाऊन यायचं, तुंबलेली असली तरी आकडा चढतो. आणि शाल न्याच, तिथे उशी मागितली तर मिळत नाही.