आजीची कॅसेट आणि तो एवढासा स्क्रू

रामबागेतल्या जुन्या घराचा माळा आवरताना आजीची भोंडल्याची कॅसेट सापडली, सी-६० म्हणजे तासाभराची, वर बाबांच्या अक्षरात नुसतं '१९८७, आई'. म्हटलं कम्प्युटरवर घेऊन टाकू, एका रविवारचं काम. गेले चार रविवार!

पहिला घोळ म्हणजे टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जॅकमधून वायर काढली आणि सरळ लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसली. तो जॅक माइकचा, त्याला एवढा जोरातला सिग्नल झेपत नाही, आजी जरा वर गेली की आवाज फाटायचा. मग महाराणी रोडवरून लाइन-इनवालं, म्हणजे जोरातला सिग्नल झेपणारं, यूएसबी साउंड कार्ड आणलं, लेव्हल अशी ठेवली की सगळ्यात मोठा आवाजही -६ डीबीच्या पुढे जाणार नाही (० च्या वर गेला की फाटतो). फाटणं थांबलं पण खाली एक घूंऽऽ चालूच, डोकं फिरलं, शेवटी चार्जर काढला तर गेली. तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवरच.

आता आवाज साफ पण दबका, आजी गोधडीत तोंड खुपसून गातेय असा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवला तर सूं सूं पण वाढली, म्हणून नॉइज रिडक्शन (नुसत्या सूं सूंचा नमुना दाखवला की ती पुसणारी सोय) मारलं तर आजी थेट पाण्याखाली! दोन रविवार यातच घालवले मी, टेपचं झाकण उघडून बघायचं सुचलंच नाही.

दवा बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कान साफ करायच्या काडीनं हेड, म्हणजे पट्टीवरचा आवाज उचलणारा भाग, आणि तो रबरी रोलर पुसला, काडी चहासारखी तपकिरी. थोडा फरक पडला. खरी करामत हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या एवढ्याशा स्क्रूची. त्यानं हेडचा कोन बदलतो, त्याला अ‍ॅझिमथ म्हणतात. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचा हेड जेवढा तिरका असेल तेवढाच आपलाही लागतो, नाहीतर टाळ्या, 'स', 'श' सगळं बारीक बारीक गायब, आणि हेडनं जे उचललंच नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकत स्क्रू केसभर केसभर फिरवायचा. मी फिरवत होतो आणि अचानक बांगड्या वाजल्या. आजीच्या बांगड्या, टाळीबरोबर! हात तिथेच थांबवला.

(आधी स्क्रूची जागा मार्करनं खूण करून ठेवा. मी नाही केली, आता बाकीच्या कॅसेटी दबक्या येतायत.)

नॉइज रिडक्शन शेवटी अगदी हलकं दिलं, १२ ऐवजी ६ डीबी. आधी पाण्याखालचा आवाज का आला तेही कळलं, नुसत्या सूं सूंचा नमुना म्हणून मी दोन गाण्यांमधली जागा निवडली होती आणि तिथे आजी श्वास घेत होती, म्हणजे मी तिचा श्वासच पुसायला सांगत होतो की. आता सुरुवातीची पारदर्शक पट्टी संपल्यावरचे कोरे ३ सेकंद घेतले. सूं सूं आहे अजून थोडी, असू दे.

फाइल आत्याला पाठवली. तिचा फोन आला, म्हणे, "ती मागे कुकरची शिट्टी झाली ना, खिरापतीचे हरभरे होते. आईनं गाता गाता मला डोळ्यानं खुणावलं, जा गॅस बंद कर. म्हणून पुढच्या गाण्यात माझा आवाज नाहीये."