आमची वाटचाल : पोर्टावरचा पहारा

2009 साली गोव्यातल्या फोंड्यात, बसस्टँडजवळच्या गाळ्यात, मी आणि माझ्या मावसभावाने कंपन्यांची कॉम्प्युटर नेटवर्कं उभारायच्या धंद्याला सुरुवात केली. भांडवल म्हणजे केबलची टोकं बसवायची क्रिंपिंग टूल आणि पंच-डाउन टूल, टेस्टर आणि स्विचला, म्हणजे सगळ्या केबल्स जिथे येऊन मिळतात त्या डब्याला, थेट लॅपटॉप जोडायची निळी चपटी कन्सोल केबल. ती केबल अजून माझ्या बॅगेत असते. स्विचचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हरवला, पासवर्ड कुणाला आठवेना, की शेवटी तीच बाहेर निघते.

केबल ओढणारे तेव्हाही पुष्कळ होते. आम्हाला दुसरं काम करायचं होतं. कंपन्या फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या यंत्रावर, लाखो रुपये घालतात आणि रिसेप्शनमागचं भिंतीतलं पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायचं भोक, सताड उघडं ठेवतात. तिथे कोणीही लॅपटॉप खुपसावा आणि थेट अकाउंट्सपर्यंत पोहोचावं! आत कोणाला घ्यायचं हे त्या पोर्टावरच ठरलं पाहिजे, म्हणजेच 802.1एक्स (पोर्टावर ओळख तपासायची पद्धत), मागे ओळख पडताळून हो-नाही सांगणारा रेडियस सर्व्हर आणि प्रत्येक मशीनला स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र. आम्ही हेच धरून बसलो.

2016 मध्ये वेर्ण्याच्या एका औषध कारखान्याचं काम मिळालं. 140 मशीन्स. चाचणीसाठी फ्रीरेडियस या मोफत रेडियस सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टने प्रमाणपत्रं बनवली, सगळं पहिल्या फटक्यात चाललं, आणि आम्ही तीच ठेवून चालू करून दिलं. त्या स्क्रिप्टची मूळ मुदत 60 दिवसांची. ती बदलायची राहिली. चूक आमचीच, मी ती कधी नाकारली नाही.

चवथीच्या आठवड्यात सकाळच्या शिफ्टला मशीन्स चालू झाली. पोर्टाचे दिवे हिरवे, पण प्रत्येक स्क्रीनवर 169.254 ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे नेटवर्ककडून पत्ता न मिळाल्यावर मशीनने स्वतःच घेतलेला. मी स्विचमागे तासभर घालवला. मग रेडियस डीबगमध्ये, म्हणजे आत काय चाललंय ते ओळीओळीने दाखवत, चालवला आणि ती ओळ दिसली : प्रमाणपत्राची मुदत संपलेली. मूळ सीएचीही, म्हणजे बाकी सगळी प्रमाणपत्रं ज्याच्या सहीने खरी ठरतात त्या प्रमाणपत्राचीही, तीच मुदत होती, म्हणजे नवीन सीए प्रत्येक मशीनवर पोहोचवायचा. तो ग्रुप पॉलिसीने, म्हणजे विंडोजच्या सर्व्हरवरून सगळ्या मशीन्सना एकदम, पाठवायचा तर मशीन नेटवर्कवर हवं, आणि नेटवर्क तर आम्हीच अडवलेलं! शेवटी सगळी पोर्टं मोकळी सोडावी लागली. पहाऱ्याचं काम घेतलेल्या माणसाला दोन दिवस दारं उघडी ठेवून बसावं लागलं.

मेंटेनन्सचे प्रमुख, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एवढंच म्हणाले, "चूक कोणाची ते मागाहून बघू. आधी पॅकिंग लाइन चालू कर, बाबा." त्या दोन रात्री ते घरी गेले नाहीत.

तेवढ्यात आमचे प्रतिस्पर्धी परचेसमध्ये जाऊन बसले. "802.1एक्स म्हणजे डोकेदुखी, मॅक पत्त्यांची यादी लावली की झालं," असं सांगून अर्ध्या दरात नव्या इमारतीचं काम घेऊन गेले. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला नेटवर्क क्रमांक. त्या वर्षी दोन पोरांचे पगार मी बायकोचे दागिने ठेवून केले.

वर्षभराने दादांनी मला त्या इमारतीत बोलावलं. कॉरिडॉरमधल्या प्रिंटरच्या मागे स्टिकर होता, त्यावर मॅक पत्ता छापलेला. तो मी माझ्या लॅपटॉपला दिला, प्रिंटरची केबल काढून त्यात लावली आणि त्यांच्यासमोर सर्व्हरचं फोल्डर उघडलं. चार मिनिटं लागली. बऱ्याचदा प्रिंटरला मॅकवरच आत घ्यावं लागतं, हे खरं. पण मग त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या निराळ्या कप्प्यात, ठेवा आणि प्रिंट सर्व्हरपलीकडे कुठेही जाऊ देऊ नका. हे मी प्रत्येकाला सांगतो, विचारलं नाही तरी. आणखी एक : रेडियस दोन ठेवा, पहिले काही आठवडे नुसतं पाहणीवर चालवा, अडवू नका. आणि मुदतीची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा, दोन महिने आधीच्या पानावरही.

त्यानंतर ती इमारत आम्हालाच मिळाली, आणि कामं येत गेली. आज आम्ही नऊजण आहोत. पण तिथल्या रॅकच्या, म्हणजे स्विच ठेवायच्या कपाटाच्या, दारावर अजून त्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावाची पाटी आहे. आतलं प्रत्येक पोर्ट आमच्या हातचं. पाटी काढा म्हणून परचेसला दोनदा पत्र दिलं, उत्तर नाही.