पागोळ्यांखाली वाळवंट

गुहागरच्या आमच्या आळीत विज्ञानकथा वाचणारी माणसं दोनच. एक मी, दुसरे अण्णा. अण्णा तीस वर्षं बोटीवर होते, आता सुपारीची वाडी बघतात. त्यांना पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवण्यासारखं. बिनसलं की बोलणी आपल्यालाच.

दर्यातला माणूस म्हणून मी आधी लेमची 'सोलॅरिस' दिली. 1961ची पोलिश कादंबरी, अर्थात इंग्रजीतून. ग्रहभर पसरलेला समुद्रच जिवंत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञ त्याचं मन ओळखू बघताहेत. ग्रंथांचे ढीग साठतात, समुद्र काही कळत नाही. मला वाटलं, अण्णा हरखतील. तिसऱ्या दिवशी पुस्तक ओटीवर परत. "दर्याच्या मनातलं कळत नाय, हे कळायला यांना एवढी पुस्तकं लागली?"

पुढचं पुस्तक मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून, नाव न सांगताच दिलं. नारळीकरांनी नाही का, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं!

कव्हराखाली होती फ्रँक हर्बर्टची 'ड्यून'. महिना जुलै. पुस्तकात थेंब थेंब मोजणारा वाळवंटी ग्रह, अंगावरचा घाम गाळून पुन्हा प्यायला देणारे पोशाख. आणि इकडे ओटीपुढे पागोळ्यांची धार, दमट हवेने फुगलेली पानं, पुठ्ठ्यावर बुरशीचे हिरवट ठिपके. अण्णा पंच्याने ते पुसायचे नि पान उलटायचे. एक वाळवंटी सरदार राजाच्या टेबलावर थुंकतो, कारण अंगातलं पाणी देणं हा तिथे मान, तिथवर आले आणि तोंडातला विडा अंगणात टाकून म्हणाले, "म्हणजे मी सगळ्या आळीला मानच देत होतो की रे!"

खूश झाले म्हणायचे. तरी कुरकुर होतीच. "हे एप्रिलात द्यायचंस."

खरंच की. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर कोसळणारा आमचा पाऊस जांभ्यातून झिरपून खाडीला मिळतो, आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांतल्या बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

पुस्तक अजून परत आलेलं नाही. काकूंनी सांगितलं, दमट लागू नये म्हणून ते तांदळाच्या पिंपात ठेवलंय. मे महिन्यात पुन्हा वाचणार आहेत म्हणे.