स्पिनची वेळ

२०२० च्या जुलैत मी ॲमस्टरडॅमला जाणार होते. अल्झायमर्सच्या संशोधकांची सगळ्यात मोठी परिषद, एएआयसी, त्या वर्षी तिथे होती आणि माझ्या संशोधनाचं पहिलंच पोस्टर लागणार होतं. करोना आला, परिषद ऑनलाइन गेली, नोंदणी फुकट झाली. व्हिसासाठी काढलेले फोटो पाकिटातच राहिले. मी साताऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लॅपटॉप लावून बसले. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एखादं वाक्य हुकायचंच.

२८ जुलैला सगळीकडे एकच चर्चा होती. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ऑस्कर हॅन्सन यांच्या गटाने १४०२ जणांच्या अभ्यासातून दाखवलं की रक्तातल्या पी-टाऊ २१७ या प्रथिनावरून अल्झायमर्स आणि मेंदूच्या ऱ्हासाचे इतर आजार वेगळे ओळखता येतात. त्यात कोलंबियातलं ते मोठं कुळही होतं, जिथे एका जनुकदोषामुळे चाळिशीतच विसरायला होतं. त्यांच्यात हा आकडा लक्षणांच्या सुमारे २० वर्षं आधीपासून चढायला लागलेला. मी तीन वर्षं खपून ६४ जणांच्या रक्तात अमायलॉइड बीटा ४२ हे अल्झायमर्सशी जोडलेलं दुसरं प्रथिन मोजलं होतं. हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? आमच्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने टाकलं, ‘चला, आता वडापावची गाडी टाकू.’

त्याच रात्री पोस्टरवरच्या पत्त्यावर मेल आला. परदेशातल्या एका ज्येष्ठ बाईंचा, दोन ओळींचा. रक्त काढल्यापासून स्पिन करेपर्यंत, म्हणजे सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या करेपर्यंत, किती वेळ जायचा? रुग्ण आणि कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेले, आजार नसलेले लोक), दोघांचा सारखाच का?

पहिल्याचं उत्तर पाठ होतं: दोन तासांच्या आत. पोस्टरवर तसं छापलंच होतं. दुसऱ्यापाशी अडले. रक्त ट्यूबमध्ये नुसतं बाहेर राहिलं तरी अमायलॉइड घटत जातं, म्हणून तर सेंट्रिफ्यूजची घाई.

लॅबमधल्या काकांना सकाळी फोन केला. ते ड्युटीवर होते. रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं माझंच अक्षर. रक्त काढल्याची वेळ: ९.१०, ९.२५, ९.४०, अशी १२.०५ पर्यंत. स्पिनच्या रकान्यात वर एकदा १२.३० आणि खाली सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’ अशा अर्थाच्या नुसत्या दोन टिंबांच्या खुणा. बारा ट्यूब जमल्याशिवाय मशीन लावायचं नाही, ही आमचीच काटकसर.

आणि सकाळी पहिलं रक्त कोणाचं? पहाटेच्या एसटीने आलेल्या आजी-आजोबांचं. ‘आधी त्यांचं उरका, मग माझं घ्या,’ असं म्हणणारी सून किंवा मुलगा म्हणजे आमचे कंट्रोल. (कंट्रोल म्हणून नातेवाईक घेणं मुळातच बरं नव्हतं, पण मिळायचे तेच.) म्हणजे रुग्णांचं रक्त तीन-तीन तास टेबलावर, कंट्रोलचं जेमतेम तासभर. आमचा निकाल काय होता? रुग्णांमध्ये अमायलॉइड कमी.

दिवसभर ६४ जणांच्या वेळा एक्सेलमध्ये घातल्या. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. रात्री तो रकाना घेऊन हिशेब पुन्हा चालवला. फरक उरला, पण निम्म्याहून कमी.

बाईंना लगेच लिहिलं: नाही, सारखा नव्हता. सोबत शीट जोडली. माझ्या गाइड सरांना फोन लावायला मात्र सकाळ उजाडेपर्यंत थांबले.