आकड्यांनी पोट भरतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी खुल्या आकडेवारीवर काम करते हे कळलं की ‘आकड्यांनी पोट भरतं का?’ हा प्रश्न येतोच. कुणी मायेने विचारतं, कुणी चिडून. जागतिक बँकेने २०१० साली आपली आकडेवारी सगळ्यांना फुकट खुली केली, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, तरी मुलं उपाशी आहेतच ना, असा एकूण सूर. आहेत. आकड्यांनी पोट भरत नाही, हे मी आधीच मान्य करते.

पण प्रश्नाच्या पोटात आणखी एक समजूत असते, की हे आकडे कुणीतरी कचेरीत बसून ठरवतं. तिथे मला राहवत नाही.

जिथे जन्ममृत्यूची नोंद धड होत नाही, तिथे बालमृत्यूचा दर येतो कुठून? घरोघरी जाऊन विचारल्यावर. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) नावाची लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं झाली. त्यांत १५ ते ४९ वयाच्या बाईला तिची सगळी बाळंतपणं क्रमाने विचारतात. मुलगा की मुलगी, जन्म कुठल्या महिन्यातला, आहे की गेलं, गेलं तर केवढं होऊन गेलं. महिन्याच्या आतलं असेल तर वय दिवसांत लिहायचं, दोन वर्षांच्या आतलं असेल तर महिन्यांत. मग नावं काढून, नकाशावर वस्तीची जागा मुद्दाम थोडी सरकवून ही फाईल अर्ज करणाऱ्या संशोधकाला मोफत मिळायची.

मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मला फक्त दर काढायचा होता. एका ओळीत एक मूल. मी वयं तपासत होते, कारण या फाईलींत ‘बारा महिने’ या उत्तराचा ढीग लागतो. दहा-अकरा महिन्यांचं गेलेलं बाळही ‘वर्षाचं होतं’ असं सांगितलं जातं. मग ते अर्भकमृत्यूंच्या, म्हणजे वर्षाच्या आत गेलेल्या बाळांच्या, मोजणीतून निसटतं आणि दर असावा त्यापेक्षा कमी दिसतो. ते शोधत खाली जाताना एकाच आईच्या ओळी सलग आल्या. हयात, मृत, मृत, हयात, मृत. शेवटच्या बाळाचं वय दिवसांत होतं. कुणा परक्या माणसासमोर बसून तिने हे सगळं महिन्यांसकट आठवून सांगितलं होतं. मला पुढे काम करता येईना. दर काढला तो दुसऱ्या दिवशी, आणि तो काढताना तिच्या ओळी हजारो ओळींत मिसळून गेल्या. तशा त्या मिसळाव्याच लागतात.

१९९० साली जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून अधिक मुलं दगावली, २०२२ मध्ये सुमारे ४९ लाख. हे वाक्य आज कुणीही सहज बोलून जातं. त्यामागे अशा बायकांची उत्तरं आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निधी काढून घेतला आणि डीएचएसचा तो कार्यक्रम थांबला. चालू सर्वेक्षणं अडकली, आकडेवारी मागणाऱ्यांना उत्तर मिळेना. इतकी वर्षं उपयोग विचारणाऱ्यांपैकी एकानेही तेव्हा मला विचारलं नाही, की आता कळणार कसं?

‘आकडे तर तुम्ही बदलता’ हेही ऐकते. हो, बदलतात. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली आणि २०२२ सालचे अतिगरीब ७१ कोटींवरून जवळपास ८४ कोटी झाले. त्या दिवशी कुणाच्याही ताटातली भाकरी कमी झाली नव्हती. देशोदेशीच्या किमतींची नवी तुलना हाती आली होती आणि गरीब देशांनी स्वतःच्या रेषा वर नेल्या होत्या. हा हिशेब उघड्यावर असल्यामुळेच त्यावर भांडता येतं. बंद दाराआड बदलला असता तर तुम्हाला शंका घ्यायलाही जागा नव्हती.

पूर्वी मी याहून मोठं बोलायचे. आकडे खुले झाले की सत्ताधाऱ्यांना लाज वाटेल, लाज वाटली की पैसा दवाखान्यांकडे वळेल, असं. ती साखळी मला फार थोड्या ठिकाणी पुरी झालेली दिसली. तरी त्या वेळच्या मला मी खोटं ठरवणार नाही. आकडाच नसेल तर लाज वाटायचा प्रश्नच येत नाही.

मला खरं अडवतं ते वेगळंच आहे, आणि ते तुम्ही विचारत नाही. अशा सर्वेक्षणाचा नमुना देशासाठी पुरतो, फार तर प्रांतासाठी. एका गावाचा दर त्यातून काढता येत नाही. म्हणजे ती बाई उद्या येऊन म्हणाली, ‘मी सांगितलं त्यावरून माझ्या गावाबद्दल काय कळलं ते दाखवा,’ तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची पक्की नोंदणी झाली तर दाखवता येईल. अशा नोंदणीला पैसा लागतो, वर्षं लागतात, आणि तोवर पुन्हा कुणाला तरी तिच्याच दारात जाऊन तेच सगळं विचारावं लागणार. विचारायला जावं असं मी आजही म्हणते. तिने उत्तर का द्यावं, हे मला सांगता येत नाही.